एकट्याचे न्यायासन

गेल्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या संघीय न्यायाधीशांनी सरकारचे आदेश रोखल्याच्या बातम्या वरचेवर आल्या आणि त्यांच्या अनुषंगाने या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतली बहुतेक पत्रे वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाविषयी नव्हती, तर ज्याच्यासमोर आरोपी, साक्षीदार आणि पक्षकार प्रत्यक्ष उभे राहतात त्या पहिल्या पायरीवरच्या न्यायाधीशाविषयी होती. याचे मला विशेष समाधान वाटले, कारण नाव वरच्या न्यायालयांचे होत असले तरी खटला खऱ्या अर्थाने घडतो तो याच न्यायाधीशासमोर. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : बातम्यांमध्ये 'डिस्ट्रिक्ट जज' असा उल्लेख येतो. हे पद आपल्या जिल्हा न्यायाधीशासारखेच असते का?

उत्तर : नावाखेरीज दोघांत फारसे साम्य नाही. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात, एक प्रत्येक राज्याची स्वतःची आणि दुसरी संघराज्याची. खून, चोरी, घटस्फोट, वारसाहक्क, घरभाडे असे रोजच्या जगण्यातले बहुतेक तंटे राज्यांच्या न्यायालयांत जातात आणि तिथले कित्येक न्यायाधीश मतदारांनी निवडून दिलेले असतात. संघीय न्यायालयांकडे येतात ते देशाच्या संविधानाशी किंवा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेल्या कायद्यांशी निगडित खटले, केंद्र सरकार स्वतः पक्षकार असलेले खटले आणि वेगवेगळ्या राज्यांतल्या नागरिकांमधले ७५,००० डॉलरहून अधिक रकमेचे दावे. इथला कोणताही न्यायाधीश निवडणुकीने येत नाही.

१७८९ च्या कायद्याने अशी १३ जिल्हा न्यायालये स्थापन झाली, आज ती ९४ आहेत. हा 'जिल्हा' महसुली जिल्हा नव्हे. संपूर्ण मॅसॅच्युसेट्स राज्य मिळून एकच न्यायिक जिल्हा होतो, तर कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्क या राज्यांचे प्रत्येकी चार न्यायिक जिल्हे आहेत. तेहतीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशासाठी या न्यायाधीशांची मंजूर पदे आहेत अवघी ६७७. त्यांच्या वरच्या अपील न्यायालयात साधारणपणे तीन न्यायाधीश एकत्र बसतात, सर्वोच्च न्यायालयात नऊ. तिथे एकाला शंका आली तर शेजारच्याशी बोलता येते. जिल्हा न्यायालयात न्यायासनावर एकच खुर्ची असते. या पदाविषयी पुढे जे काही सांगणार आहे ते समजून घेताना हा एकटेपणा लक्षात ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिथे न्यायाधीश होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते आणि किती वर्षांच्या वकिलीची अट असते? भारतीय वंशाचे कोणी तिथे न्यायाधीश झाले आहेत का?

उत्तर : परीक्षा नाही आणि अटही नाही. तिथल्या संविधानात संघीय न्यायाधीशासाठी किमान वय, नागरिकत्व, वकिलीचा अनुभव, इतकेच काय कायद्याची पदवीसुद्धा आवश्यक म्हणून लिहिलेली नाही. संविधान एवढेच सांगते की नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतील आणि तिला सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागेल. प्रत्यक्षात मात्र या पदापर्यंत पोहोचणारी माणसे आयुष्याची दोन-अडीच दशके न्यायालयात घालवलेली असतात. कोणी सरकारी वकील असतो, कोणी गरीब आरोपींचा बचाव करणारा सरकारनियुक्त वकील, कोणी आधी राज्याच्या न्यायालयात न्यायाधीश असतो, तर कोणी मोठ्या वकिली संस्थेतला भागीदार.

पद रिकामे झाले की बहुतेक वेळा त्या राज्याचे दोन सिनेटर नावे सुचवतात. मग राष्ट्राध्यक्षांचे कायदा सल्लागार आणि न्याय खाते उमेदवाराची छाननी करतात, एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा त्याच्या आयुष्याची चौकशी करते, सिनेटच्या न्यायविषयक समितीसाठी त्याला एक भलीमोठी प्रश्नावली भरावी लागते आणि त्यानंतर समितीसमोर जाहीर सुनावणी होते. त्या राज्याच्या सिनेटरांना समितीकडून एक निळा कागद जातो आणि तो त्यांनी परत पाठवलाच नाही तर जिल्हा न्यायाधीशपदाचे नाव सहसा तिथेच अडकते. हा कायदा नसून शंभराहून अधिक वर्षांची प्रथा आहे, पण तिने अनेकांच्या आयुष्याची दिशा बदललेली आहे. तेव्हा गुणवत्तेच्या जोडीला राजकीय योग जुळून यावा लागतो, हे तुम्हाला स्पष्ट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

या वाटेवर काय सोसावे लागू शकते हे कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्या चरित्रातून कळते. वंशभेदाविरुद्धच्या खटल्यांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल यांच्यासोबत काम केलेल्या या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात दहा प्रकरणे चालवली आणि त्यांतली नऊ जिंकली. १९६६ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यासाठी त्यांचे नाव दिले, तेव्हा समितीचे अध्यक्ष असलेल्या मिसिसिपीच्या सिनेटरांनी कडवा विरोध केला आणि संमती मिळायला सात महिने लागले. त्या संघीय न्यायाधीश झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. पुढे १९७५ मध्ये एका वकिली संस्थेविरुद्ध स्त्रियांना नोकरीत डावलल्याचा खटला त्यांच्यापुढे आला, तेव्हा संस्थेने अर्ज केला की न्यायाधीश स्वतः कृष्णवर्णीय स्त्री आहेत आणि भेदभावाविरुद्ध लढलेल्या आहेत, म्हणून त्यांनी हा खटला सोडावा. त्यांनी उत्तर दिले की या न्यायालयातल्या प्रत्येक न्यायाधीशाला काही ना काही वंश आणि लिंग आहेच. तेवढ्यावरून दूर व्हायचे ठरले तर हा खटला चालवायला कोणीच उरणार नाही. निःपक्षपाताविषयी इतके नेमके उत्तर माझ्या वाचनात दुसरे नाही.

भारतीय वंशाच्या न्यायाधीशांविषयीही तुम्ही विचारले आहे. केंटकीच्या पूर्व जिल्ह्यात नेमले गेलेले अमूल थापर हे दक्षिण आशियाई वंशाचे पहिले संघीय न्यायाधीश. सिनेटने २००७ च्या अखेरीस त्यांना संमती दिली. गुजरातमधल्या पाटण इथे जन्मलेले अमित मेहता २०१४ पासून वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात आहेत. ते पूर्वी गरीब आरोपींचे वकील होते.

प्रश्न : अमेरिकेत निकाल ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंचमंडळ, देते, मग न्यायाधीशाला करायला उरते काय?

उत्तर : पुष्कळ उरते, आणि त्यातले बरेचसे ज्यूरी सभागृहात येण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. प्रथम हे लक्षात घ्यावे की साक्षीपुराव्याने पूर्ण चालणारा खटला हा आता अपवाद झाला आहे. दोषी ठरणाऱ्या आरोपींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण गुन्हा कबूल करतात आणि बहुतेक दिवाणी दावे तडजोडीने मिटतात किंवा आधीच निकाली निघतात. म्हणून या न्यायाधीशाचा बराच वेळ कागदांत जातो. दावा मुळात चालण्याजोगा आहे का, कोणत्या पक्षाने कोणती कागदपत्रे दुसऱ्याला दाखवायची, पोलिसांनी घेतलेली झडती कायदेशीर होती का आणि नसेल तर तीत सापडलेली वस्तू पुराव्यातून वगळायची का, अशा अर्जांवर तो निर्णय देत असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या एका निकालापासून तज्ज्ञाची साक्ष विश्वासार्ह पद्धतीवर आधारलेली आहे की नाही हे ज्यूरीपर्यंत जाण्याआधी तपासण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. औषधाने अपाय झाल्याच्या दाव्यात तज्ज्ञाची साक्षच नाकारली गेली, तर तो दावा तिथेच संपल्यात जमा होतो.

मदतीला माणसे असतात. नुकतेच कायद्याचे शिक्षण संपवलेले दोन-तीन लॉ क्लार्क एक-दोन वर्षांसाठी येतात, संशोधन करतात, निकालपत्राचे मसुदे लिहितात आणि न्यायाधीशाशी वादही घालतात. या तरुणांचे आणि न्यायाधीशाचे नाते पुष्कळदा जन्मभर टिकते. आठ वर्षांच्या मुदतीने नेमलेले मॅजिस्ट्रेट जज जामीन, वॉरंट आणि प्राथमिक अर्ज सांभाळतात. कोणता खटला कोणाकडे जाणार हे सर्वसाधारणपणे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरते, म्हणजे पक्षकाराला आवडीचा न्यायाधीश निवडता येऊ नये.

खटला प्रत्यक्ष उभा राहिला की न्यायाधीशाचे दुसरे रूप दिसते. तो संभाव्य ज्यूरींना प्रश्न विचारून पूर्वग्रह असलेल्यांना बाजूला काढतो, वकिलाने हरकत घेतली की दोन-चार सेकंदांत ती मान्य किंवा अमान्य करतो आणि शेवटी लागू होणारा कायदा ज्यूरीला सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत समजावून सांगतो. फौजदारी खटल्यात बारा जणांचे एकमत लागते. त्या सूचनांमधले एखादे वाक्य चुकले तर महिनाभराचा खटला अपिलात रद्द होऊ शकतो. फौजदारी कामकाजाचे प्रक्षेपण करायला संघीय नियमांची मनाई आहे, म्हणूनच बातम्यांमध्ये आपल्याला अजूनही चित्रकाराने काढलेली रेखाचित्रे दिसतात.

काही खटल्यांत ज्यूरी नसतेच. गूगलविरुद्ध सरकारने आणलेला शोधयंत्राच्या मक्तेदारीचा खटला अमित मेहता यांनी एकट्याने चालवला, २०२३ च्या शरद ऋतूत सुमारे दहा आठवडे साक्षी ऐकल्या आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी पावणेतीनशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात कंपनीने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचे नमूद केले. अशा निकालातला कायद्याचा भाग वरचे न्यायालय नव्याने तपासते, पण कोणता साक्षीदार खरा वाटला आणि प्रत्यक्षात काय घडले याविषयीचे निष्कर्ष उघड चूक असल्याशिवाय ते बदलत नाही. साक्षीदाराचा चेहरा ज्याने पाहिला त्याच्याच शब्दाला तिथे मान असतो. माझ्या मते या पदाचे खरे सामर्थ्य यात आहे आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा फारच कमी होते.

ढिलाईवर एक साधा उपाय १९९० च्या कायद्याने केला आहे. ज्या न्यायाधीशाकडे अर्ज सहा महिन्यांहून अधिक काळ पडून असतील त्याच्या नावासकट यादी वर्षातून दोनदा जाहीर होते. शिक्षा काहीच नाही, पण यादीत नाव येऊ नये म्हणून मुदतीपूर्वीच्या आठवड्यांत न्यायाधीशांच्या कार्यालयांतले दिवे उशिरापर्यंत जळतात.

प्रश्न : शिक्षा ठरवताना न्यायाधीशाचे मन आणि कायदा यांच्यात विरोध आला तर तो काय करतो?

उत्तर : आपण या पदाच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. दोषी कोण हे ज्यूरी सांगते, शिक्षा मात्र न्यायाधीश सुनावतो. त्याच्यासमोर आरोपीच्या बालपणापासूनची हकिगत सांगणारा प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल असतो, पीडित व्यक्ती किंवा तिचे कुटुंबीय बोलतात आणि शिक्षेपूर्वी आरोपीला स्वतः बोलण्याचा हक्क असतो. १९८४ च्या कायद्यानंतर शिक्षांचे कोष्टक तयार झाले आणि १९८७ पासून ते न्यायाधीशांवर बंधनकारक होते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला केवळ मार्गदर्शक ठरवले. त्यामुळे न्यायाधीशाला थोडा मोकळा श्वास मिळाला, पण काँग्रेसने काही गुन्ह्यांसाठी ठरवलेल्या किमान शिक्षा तशाच राहिल्या.

युटा राज्यातले न्यायाधीश पॉल कॅसल यांच्यापुढे २००४ मध्ये एक चोविशीतला तरुण उभा होता. गांजा विकताना त्याच्याजवळ पिस्तूल होते आणि कायद्याच्या त्या वेळच्या रचनेनुसार किमान शिक्षांची बेरीज ५५ वर्षे होत होती. त्याच दिवशी कॅसल यांनी एका वृद्धेला मारहाण करून ठार करणाऱ्या माणसाला सुमारे २२ वर्षांची शिक्षा दिली होती. कॅसल हे मवाळ न्यायाधीश म्हणून ओळखले जाणारे नव्हते. तरीही त्यांनी ही ५५ वर्षांची शिक्षा अन्यायकारक आणि क्रूर असल्याचे निकालपत्रात लिहिले, कायदा बांधून ठेवतो म्हणून ती सुनावली आणि त्याच निकालपत्रात राष्ट्राध्यक्षांना ती कमी करण्याची विनंती केली. तो तरुण २०१६ मध्ये सुटला, त्याला २०२० मध्ये माफी मिळाली आणि मधल्या काळात, २०१८ मध्ये, अशी बेरीज करण्याचा नियमही काँग्रेसने बदलला. कॅसल यांनी शिक्षा सुनावण्यास नकार द्यायला हवा होता असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही, कारण मनाला पटेल तोच कायदा पाळणाऱ्या न्यायाधीशाचे मन उद्या वाईट दिशेने वळले तर त्याला अडवायला काहीच उरत नाही.

ब्रुकलिनच्या न्यायालयात १९६७ पासून पन्नासहून अधिक वर्षे काम केलेले जॅक वाइनस्टाइन शिक्षा सुनावताना पुष्कळदा झगा न घालता उंच आसनावरून खाली येत आणि आरोपी, त्याचे कुटुंब आणि वकील यांच्याबरोबर एकाच टेबलाशी बसत. ज्या माणसाची वर्षे आपण हिरावून घेतो आहोत त्याच्या डोळ्यांत पाहूनच ते सांगावे, ही त्यामागची भूमिका होती.

प्रश्न : लोकशाहीत कोणाही माणसाला तहहयात अधिकारपद का द्यावे? यातून मनमानी वाढत नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे. संविधानाचे शब्द 'सद्वर्तन असेपर्यंत' असे आहेत आणि पदावर असताना पगार कमी करता येणार नाही अशीही हमी आहे. काढण्याचा मार्ग एकच, महाभियोग. आजवर पंधरा संघीय न्यायाधीशांवर महाभियोग आला आणि आठ जणांना सिनेटने पदावरून दूर केले. त्यांत १८०४ मध्ये दारू आणि मनोविकारामुळे काढलेले न्यू हॅम्पशायरचे जॉन पिकरिंग पहिले आणि २०१० मध्ये भ्रष्टाचारासाठी काढलेले लुइझियानाचे थॉमस पोर्टियस सर्वांत अलीकडचे. केवळ निकाल आवडला नाही म्हणून सिनेटने आजवर एकाही न्यायाधीशाला काढलेले नाही. आळशी, उद्धट किंवा एककल्ली न्यायाधीशही यामुळे वर्षानुवर्षे टिकतात, हा या व्यवस्थेचा खरा दोष आहे आणि तो मी नाकारणार नाही.

पण ही हमी कोणासाठी आहे हे पाहायचे तर दक्षिण कॅरोलिनात जावे लागेल. ज्युलियस वेटीज वेअरिंग यांचा जन्म १८८० मध्ये चार्ल्सटनच्या जुन्या, प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यात झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये त्यांना न्यायाधीश नेमले, तेव्हा ते बंडखोरी करतील असे कोणाला वाटले नव्हते. १९४६ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या, अंगावर गणवेश असलेल्या आयझॅक वुडर्ड या कृष्णवर्णीय सार्जंटला एका गोऱ्या पोलीस प्रमुखाने इतके मारले की त्याचे दोन्ही डोळे गेले. खटला वेअरिंग यांच्यापुढे चालला, सरकारी वकिलांनी तो कसाबसा उरकला आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आत आरोपीला सोडले. त्या दिवसाने वेअरिंग बदलले. पुढच्याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक कृष्णवर्णीय मतदारांना खुली केली. १९५१ मध्ये क्लॅरेंडन परगण्यातल्या शाळांचा खटला तिघांच्या पीठापुढे आला (राज्याच्या कायद्याला संविधानाच्या आधारे आव्हान असेल तर त्या काळी एकाऐवजी तीन न्यायाधीश बसत) आणि दोन विरुद्ध एक मताने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा कायम राहिल्या. भिन्नमत वेअरिंग यांचे होते. विभक्तता हीच मुळात विषमता आहे, असे त्यांनी लिहिले. हाच खटला पुढे इतर खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ मे १९५४ रोजी सर्व न्यायाधीशांनी एकमताने शाळांतली विभक्तता घटनाबाह्य ठरवली.

या मधल्या काळात वेअरिंग यांच्या घरावर दगड पडले, दहशत घालण्यासाठी अंगणात क्रूस जाळला गेला आणि ज्या गावात त्यांच्या पिढ्या गेल्या त्या गावाने त्यांच्याशी बोलणे सोडले. १९५२ मध्ये निवृत्त होऊन ते पत्नीसह न्यूयॉर्कला गेले आणि १९६८ मध्ये त्यांचा देह चार्ल्सटनला परत आला तो दफनासाठी. २०१५ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव दिले गेले. आधी ज्यांचे नाव तिला होते ते माजी सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांनी स्वतः आग्रह धरून आपले नाव काढायला लावले होते.

अलाबामाचे फ्रँक जॉन्सन यांची गोष्टही अशीच, पण ते गाव सोडून गेले नाहीत. १९५५ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी ते माँटगोमेरीत न्यायाधीश झाले आणि काही आठवड्यांतच, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली. बसमधल्या विभक्ततेविरुद्ध चार स्त्रियांच्या वतीने चाललेल्या खटल्यात, १९५६ च्या जूनमध्ये, तिघांपैकी दोघांनी ती विभक्तता रद्द केली. त्या दोघांत जॉन्सन होते. १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपले, तेव्हा जॉन्सन यांनी आधी पुढचा मोर्चाच थांबवला. साक्षी ऐकल्याशिवाय आदेश नाही, हे त्यांनी चळवळीलाही ऐकवले. मग सुनावणी घेऊन १७ मार्चला त्यांनी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्च्याला परवानगी दिली आणि अन्याय जितका मोठा तितका त्याच्या निषेधाचा हक्कही विस्तृत असायला हवा, हे तत्त्व मांडले. दोन पदरी रस्त्यावर एका वेळी तीनशेच माणसे चालतील, इतके बारकाईचे कलमही त्याच योजनेत होते. राज्यपाल जॉर्ज वॉलेस हे त्यांचे महाविद्यालयातले सहाध्यायी, त्यांनी जाहीर सभांतून शिव्या दिल्या. १९६७ मध्ये जॉन्सन यांच्या आईच्या घरी बाँब फुटला, सुदैवाने त्या वाचल्या. वेअरिंग आणि जॉन्सन हे दर चार वर्षांनी मतदारांसमोर जाणारे न्यायाधीश असते तर एका मुदतीपलीकडे टिकले नसते. तहहयात नेमणूक ही मला न्यायाधीशाला मिळालेली सवलत वाटत नाही. क्लॅरेंडनच्या शाळेतल्या मुलांसाठी ती होती.

प्रश्न : एक न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांचा आदेश देशभर कसा थांबवू शकतो?

उत्तर : हा अधिकार नवा नाही, त्याच्या व्याप्तीवरचा वाद मात्र ताजा आहे. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. वॉशिंग्टनचे जिल्हा न्यायाधीश डेव्हिड पाइन यांनी २९ एप्रिलला एकट्याने तो ताबा बेकायदा ठरवला आणि सुमारे महिन्याभराने सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांचा निर्णय उचलून धरला. १९७३ मध्ये त्याच न्यायालयाचे जॉन सिरिका यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना त्यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती हजर करण्याचा आदेश दिला. त्याच सिरिकांनी वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या घरफोड्यांना तोंड उघडायला लावण्यासाठी आधी अतिशय कठोर तात्पुरत्या शिक्षा सुनावल्या होत्या. परिणाम चांगला झाला म्हणून ती पद्धत योग्य ठरत नाही, असे माझे मत आहे.

अलीकडचा प्रश्न वेगळा आहे. न्यायालयात आलेल्या पक्षकारापुरता आदेश थांबवायचा की न आलेल्या सर्वांसाठीही? २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की पक्षकारांना पूर्ण दिलासा मिळेल त्याहून व्यापक मनाई हुकूम देण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना नसावा. समूहाच्या वतीने दावा लावण्याची वाट मात्र खुली आहे आणि आता वकील तिचाच अधिक वापर करतात.

प्रश्न : पगार, निवृत्ती आणि खासगी आयुष्य यांविषयी सांगाल का?

उत्तर : २०२५ मध्ये जिल्हा न्यायाधीशाचा वार्षिक पगार २,४७,४०० डॉलर होता. सर्व जिल्ह्यांत तो सारखाच असतो आणि मोठ्या वकिली संस्थेतले भागीदार याच्या कित्येक पट कमावतात. वकिली करता येत नाही, राजकारणात भाग घेता येत नाही, शिकवण्याच्या मानधनावरही मर्यादा आहे. एखाद्या कंपनीचा एक जरी शेअर नावावर असला तरी तिच्या खटल्यातून दूर व्हावे लागते. जुन्या वकील मित्रांबरोबर जेवायला जाण्याआधी त्यांचा कोणता खटला आपल्याकडे आहे का, याचा विचार करावा लागतो. हळूहळू मित्रमंडळ आक्रसते.

सक्तीचे निवृत्तिवय नाही. वय आणि सेवेची वर्षे मिळून ८० झाली, मात्र वय किमान ६५ असले, तर न्यायाधीशाला ज्येष्ठ दर्जा घेता येतो. ७० व्या वर्षी दहा वर्षांची सेवा पुरते. पगार चालू राहतो, काम हवे तेवढे कमी करता येते आणि रिकाम्या जागी नवा न्यायाधीश येतो. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन यांना राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६२ मध्ये नेमले. शंभरी उलटल्यावरही ते नाकाला प्राणवायूची नळी लावून न्यायासनावर बसत आणि २०१२ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी निधन झाले तेव्हाही ते पदावरच होते.

सुरक्षेची काळजी मार्शल सेवा घेते, पण ती घराच्या दारापर्यंत नेहमीच पोहोचत नाही. २०२० च्या जुलैमध्ये न्यू जर्सीच्या न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी त्यांच्यासमोर पूर्वी खटला चालवलेला एक वकील सामान पोहोचवणाऱ्याच्या वेषात आला आणि त्याने गोळ्या झाडल्या. त्यांचा वीस वर्षांचा एकुलता मुलगा गेला, पती गंभीर जखमी झाले. त्या पुन्हा न्यायासनावर बसल्या आणि २०२२ च्या अखेरीस, न्यायाधीशांचे पत्ते व खासगी माहिती झाकण्यासाठी त्यांच्या मुलाच्या नावाने कायदा झाला.

प्रश्न : माझ्या मुलाचा नागरिकत्वाचा शपथविधी पुढच्या महिन्यात तिथल्या संघीय न्यायालयात आहे आणि आम्ही दोघे जाणार आहोत. या समारंभाला न्यायाधीश कशासाठी लागतात?

उत्तर : नागरिकत्व देण्याचे काम तिथे अठराव्या शतकापासून न्यायालयांकडे होते. आता अर्ज प्रशासन तपासते, तरी शपथ देण्याचा न्यायालयांचा अधिकार कायम आहे आणि अनेक जिल्ह्यांत न्यायाधीश तो आवडीने बजावतात. न्यायाधीश झगा घालून येतील तेव्हा इतर वेळेसारखेच सर्वांनी उभे राहायचे असते. नंतर बहुधा ते दोन शब्द बोलतात. पुष्कळ न्यायाधीश आपले आजी-आजोबा कोणत्या देशातून आले ते सांगतात. त्यांनी स्वतः पद स्वीकारताना व्यक्ती न पाहता न्याय करण्याची आणि गरीब व श्रीमंत यांना सारखेच लेखण्याची शपथ घेतलेली असते. ती १७८९ च्या कायद्यातली असून तिचे मुख्य शब्द आजही तेच आहेत. शपथविधी संपल्यावर काही न्यायाधीश खाली येऊन कुटुंबांबरोबर छायाचित्र काढू देतात, पण छायाचित्रांचे नियम प्रत्येक इमारतीत वेगळे असतात, म्हणून दाराशीच विचारून घ्यावे आणि सुरक्षा तपासणीसाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.